पाणी बंद, अपील चालू

चार माणसं एका खोलीत बसून नियम करायला लागली की नियम एक होतो आणि किस्से दहा! नियम वहीत जातो. किस्से कुठं जाणार? ते माझ्यासारख्याच्या डोक्यात मुक्कामाला येतात, आणि कुणी नुसतं “सेक्रेटरी, तुमच्या वेळी काय व्हायचं हो?” म्हटलं की धरणाचं दार उघडल्यासारखे सुटतात.

मी पाणी संस्थेचा सेक्रेटरी होतो. कसबा बावड्याच्या पुढं पंचगंगेच्या काठाला आमची छोटी सहकारी संस्था. नदीतनं मोटरीनं पाणी उचलायचं, पाटानं रानात सोडायचं, आणि कुणाला कधी किती ते ठरवायचं, एवढाच कारभार. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारची एक खोली. गिरणी चालू असली की मिटिंगमध्ये सगळे ओरडून बोलायचे. गिरणी बंद झाली तरी तसेच बोलायचे. कोल्हापूरच ते!

संस्थेवर एक देखरेख समिती होती. कुणी पाट फोडला, कुणी दुसऱ्याच्या वेळेत पाटाचं दार उघडून पाणी घेतलं, की समितीपुढं तक्रार. निकाल ठरलेला: “पाणी बंद.” किती दिवस, एवढंच काय ते बोलायचं. अध्यक्ष आप्पा. मिलिटरीतनं सुभेदार होऊन परत आलेले, पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. माणूस लाखात एक, पण निकाल दिला की दिला! ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस पाणी नाही म्हणजे त्या घरचा ऊस वाळून काड्या. आणि त्या निकालावर अपील म्हणून काही नव्हतंच.

नव्वदच्या दशकात ते अपील आम्ही आमच्या हातानं तयार केलं. कुठल्या पुस्तकातनं नाही. खरं सांगायचं तर सुरुवात खेकड्यांनी केली.

* * *

सोनाक्का नावाची विधवा बाई. वीस गुंठे एकटीनं करायची. तिच्या रानातला पाटाचा बांध फुटला आणि पाणी सगळं रस्त्यावर. तक्रार आली, आप्पांनी निकाल दिला, “वीस दिवस पाणी बंद!”

सोनाक्का म्हणाली, “आप्पा, मी न्हाई फोडला. खेकड्यांनी पोखरलाय बांध.”

“खेकडं सगळ्यांच्याच रानात हायती. बाकीच्यांचा बांध बरा फुटत न्हाई?”

बाई निघून गेली. दुपारी समितीची मिटिंग चालूच होती, तर परत आली. हातात झाकलेली बादली. आम्हाला वाटलं, ताक आणलंय. तिनं झाकण काढलं आणि बादली सरळ टेबलावर पालथी केली. सात-आठ जिवंत खेकडे! हे असे!

“घ्या, आणलंय आरोपी. आता त्यास्नीच इचारा!”

सगळी समिती पाय वर घेऊन खुर्चीवर. सरहद्दीवर पहारा दिलेले आमचे सुभेदारसुद्धा खुर्चीवर उभे! एक खेकडा फायलींच्या कपाटाखाली शिरला तो दोन दिवस सापडला नाही. दोन दिवस मी खुर्चीवर मांडी घालून पाण्याच्या पाळ्यांचं टाइमशीट लिहिलं.

आप्पा खुर्चीवरनंच म्हणाले, “बाई, निकाल झालाय. आता बदलता येत न्हाई.”

“मग मी कुणाकडं जाऊ?”

रिकामी बादली उचलून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा एकटेच तिच्या रानात गेले. बांधातल्या एका बिळात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी स्वतः जाऊन पाणी सोडायला लावलं, आणि तिथनं तडक ऑफिसात आले. बाहीला अजून चिखल.

“सेक्रेटरी, आज मला लाज वाटली म्हणून पाणी सुटलं. उद्या माझ्या जागी लाज नसलेला कोण आला तर? कायतरी नियम कर. अपिलाचा.”

मी म्हटलं, “आप्पा, तुमच्याच निकालावर अपील?”

“मग काय शेजारच्या गावाच्या निकालावर करतोस?”

* * *

मी लागलो कामाला. शहरातनं एका ओळखीच्या वकिलाकडनं जाडं पुस्तक आणलं, पंधरा दिवस घासलं आणि अकरा पानांचा मसुदा तयार केला. काय भाषा होती म्हणता! वार्षिक सभेत उभा राहून, आवाज लावून वाचायला घेतला: “अपीलार्थीने विहित नमुन्यात, विहित मुदतीत, विहित प्राधिकाऱ्यासमोर...”

मागं दाराशी हुसेनभाई बसले होते. हे आमचे पाटकरी. पाटाची दारं उघडायची-झाकायची ती त्यांनी. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. कुणाच्या रानात पाणी किती वेळात कडेला जातं, हे त्यांना घड्याळ न बघता कळायचं. त्यांनी हात वर केला.

“सेक्रेटरी, एक इचारू?”

“विचारा की.”

“ह्यो विहित कोण? बावड्यातलाच हाय का?”

सभा अशी हसली की गिरणीवाला बघायला आला! मी खाली बसलो. अकरा पानं तिथंच फाडली. दुसऱ्या दिवशी हुसेनभाईंनाच समोर बसवलं आणि त्यांना समजेल तेवढंच लिहायचं ठरवलं. एक पान झालं. निकाल पटला नाही तर कुणीही येऊन तोंडी सांगावं, लिहिलं पाहिजे असं नाही. ज्यानं निकाल दिला त्यानं अपिलात बसायचं नाही. अपील निकाली लागेपर्यंत पाणी तोडायचं नाही, आणि ते आठ दिवसांच्या आत निकाली काढायचं. शेवटचं म्हणजे, समितीनं असो की अपिलानं असो, निकालाखाली कारण लिहायचं.

हुसेनभाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “आता हे पान माझ्या फावड्यालासुदिक कळंल.”

* * *

अपिलात बसणार कोण, ह्यावर मात्र तीन मिटिंगा झाल्या. गावात सगळेच एकमेकांचे भावकीतले नाहीतर भांडणातले! शेवटी चिठ्ठ्या काढायचं ठरलं. सगळ्या सभासदांची नावं माझ्या जेवणाच्या डब्यात टाकायची, तिघांना उचलायचं. तक्रार ज्या पाटाची, त्या पाटावर ज्याचं रान असेल त्याची चिठ्ठी बाद.

पहिली सोडत. खोली गच्च. आप्पांनी डबा हलवला, मी चिठ्ठी उघडली, नाव वाचलं. कुणी पुढं येईना.

“हजर हायत का?” आप्पांनी विचारलं.

हुसेनभाई म्हणाले, “त्येंला जाऊन सा वर्सं झाली, आप्पा.”

दुसरी चिठ्ठी काढली. तेही गेलेले! तिसरे जिवंत होते, पण पुण्याला मुलाकडं राहायला गेलेले.

आप्पा माझ्याकडं वळले. “सेक्रेटरी, ही सभासदांची यादी हाय का पितरांची?”

मान खाली घालून मी दुसऱ्या दिवसापासून यादी दुरुस्त करायला घेतली. वारसांनी सातबारा घेऊन यावं, अशी दवंडी दिली. आणि मग लाइन लागली ती बायकांची! रान नावावर, राबणं त्यांचं, आणि संस्थेत मात्र अजून मेलेल्या नवऱ्याचं नाव. एका महिन्यात सगळ्या रीतसर सभासद झाल्या. पुढच्या सोडतीला तिघांत दोन चिठ्ठ्या बायकांच्या निघाल्या. पहिली सोनाक्का. ती आली, दाराशीच उभी राहिली. खोलीत तोवर पुरुषांच्याच खुर्च्या होत्या, एकजण उठेना.

“खुर्ची द्या आधी. उभ्यानं निकाल द्यायचा न्हाई मी!”

तीन खुर्च्या एकदम मोकळ्या झाल्या.

* * *

सगळ्यात जास्त त्रास आप्पांना झाला तो कारण लिहिण्याचा. आजवर त्यांचा निकाल म्हणजे दोन शब्द आणि सही. मी वही पुढं सरकवली आणि म्हटलं, “आप्पा, कारण.”

“कारण काय कारण? मी सांगतोय हे कारण!”

“ते नियमात बसत नाही.”

“ह्या वयात निबंध लिवाय बसवतोस व्हय मला!”

पण बसले. चष्मा लावला. एका सभासदानं दुसऱ्याच्या वेळेत पाणी घेतल्याची केस होती. आप्पांनी लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. बाहेर गिरणी बंद झाली, मी दोनदा चहा मागवला. तासाभरानं त्यांनी ते पान टर्रकन फाडलं आणि चुरगाळून खिशात घातलं.

“काय झालं, आप्पा?”

“त्येनं पाणी घेतलं हे मला कुणी सांगितलं? ज्येचं त्येच्याशी भांडण हाय त्येनं. आणि मी काय बघितलं? कायबी न्हाई. लिवाय गेल्यावर हे दिसलं बघ.”

तक्रार काढून टाकली. त्यानंतर आप्पा कुठलाही निकाल आधी कागदावर लिहून बघायचे आणि मगच तोंडानं बोलायचे. पुढच्या वर्षी अपिलंच निम्मी झाली! काही लोक मला म्हणाले, तुमचं अपील चालत नाही वाटतं. मी म्हटलं, तसं दिसतंय खरं!

* * *

कर्नाटकच्या सीमेकडनं लग्न होऊन आलेली एक सून होती, नीलव्वा. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिच्या शेजारच्या रानाचे मालक शिवाप्पा. शहरात त्यांचं भुसारी दुकान, मोठं कुटुंब, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. शिवाप्पांच्या तक्रारीवरनं नीलव्वाचं पाणी बंद झालं होतं. ती अपिलाला आली आणि जे बोलायला लागली ते सगळं कन्नडमध्ये. रागात मराठी येईना तिला! अपिलाचे तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

“कन्नड कुणाला येतंय इथं?”

अख्ख्या खोलीत एकाच माणसाला येत होतं. शिवाप्पांना!

“चालंल का तुमाला?” अपिलातल्या एकानं नीलव्वाला विचारलं. तिनं शिवाप्पांकडं बघितलं, आणि मान डोलावली.

शिवाप्पा उभे राहिले. ती बोलायची, ते सांगायचे. “म्हणतीया, दार मी उघडलं न्हाई... म्हणतीया, दार गंजलंय, आपोआप उघडतंय... म्हणतीया, हे शेजाऱ्याला ठावं हाय, तरी त्येनं तक्रार केली... म्हणतीया, शेजारी लबाड हाय.”

“शेजारी कोण?”

“मीच की!”

खोलीत हसू फुटलं, पण शिवाप्पा हसले नाहीत. “आणि पुढं जे म्हणतीया ते आयाबायांपुढं सांगण्यासारखं न्हाई. पण दार गंजलंय हे खरं हाय. मला ठावं होतं.”

अपील मंजूर झालं. गंजलेलं दार बदललं. बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, “शिवाप्पा, दोन शब्द इकडचे तिकडं केले असते तर कुणाला कळलं असतं?”

“सेक्रेटरी, तक्रार माझी होती. बोलणं तिचं होतं. दुसऱ्याच्या मालात भेसळ करायची व्हय?”

* * *

आता बाळूचा किस्सा. बाळू एक वर्ष लॉ कॉलेजला जाऊन आलेला, म्हणून गाव त्याला ‘वकील’ म्हणायचं. त्यानं आमचं पान बारकाईनं वाचलं आणि त्याला भोक सापडलं! अपील निकाली लागेपर्यंत पाणी तोडायचं नाही ना? आठ दिवस ना? मग काय! बाळूनं राजरोस दुसऱ्याच्या वेळेत पाणी घ्यायला सुरुवात केली. निकाल आला की अपील. आठ दिवस पाणी चालू. ते फेटाळलं की परत चोरी, परत निकाल, परत अपील. शेजाऱ्यांचा ऊस पिवळा पडायला लागला आणि बाळूचा डोक्याएवढा!

लोक मला शिव्या घालायला लागले. “ह्योच तुमचा नियम काय?” मला झोप लागेना. नियम बदलावा तर सोनाक्कासारख्यांचं काय?

चौथा निकाल आला, हुसेनभाई दार झाकायला गेले, तर बाळू पाटावरच त्यांना म्हणाला, “पाणी तोडू नका. मी तोंडी अपील करतोय. नियमात हाय, कुणीही, तोंडी!”

हुसेनभाई म्हणाले, “बरं.” आणि त्यांनी बांधापलीकडं हाक मारली. तिकडनं तिघं जण उठले, मागनं शिक्का घेऊन मी. चिठ्ठ्या सकाळीच काढलेल्या होत्या. आप्पांनी स्वतः डबा हलवला होता!

“हे काय?” बाळू म्हणाला.

“अपील,” त्यातला एकजण म्हणाला. “सांग काय सांगायचंय ते.”

“असं कसं? आठ दिवस हायत न्हवं?”

“आठ दिवसांच्या आत म्हटलंय. दहा मिनिटं आठ दिवसांच्या आतच येत्यात की!”

बाळूचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळं पाणी डोळ्यांसमोर त्याच्या रानात वाहत होतं, आता सांगणार काय? तिघांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, बांधावर बसून कारण लिहिलं, मी शिक्का मारला. हुसेनभाईंनी दार खाली सोडलं. धाड्!

“फेटाळलं,” ते म्हणाले.

* * *

एकदा सरकारी ऑफिसातनं तपासणीला साहेब आले. आमचं पान बघून त्यांच्या कपाळाला आठ्या. “हे नमुन्यात नाही. असं अपील ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी घाबरलो. आप्पा मात्र खुर्चीत सावरून बसले. “कुणी सांगाय कशाला पाहिजे, सायेब? आमच्या निकालावर आमीच अपील ठेवलंय. तुमच्या शेऱ्यावर कुठं करायचं, तेवढं सांगा.”

साहेब खो खो हसले. जाताना पानाची एक कॉपी घेऊन गेले.

ते पान टाईप करताना एक चूक राहिली होती. ‘निकालाचे कारण’ असं पाहिजे, तिथं पडलं होतं ‘निकालाचे करण’. दुरुस्त करू करू म्हणत राहून गेलं. काही वर्षांनी मी शिरोळकडं एका लग्नाला गेलतो. जेवण व्हायला वेळ होता म्हणून तिथल्या पाणी संस्थेत डोकावलो. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पान. जवळ जाऊन वाचलं. आमचंच!

तिथल्या सेक्रेटरीला म्हटलं, “पावणं, हे कुठनं आणलं?”

“हे व्हय? ह्या भागात सगळीकडं हेच हाय. लई चांगला नियम हाय.”

“एक चूक हाय त्यात. ‘करण’ पडलंय.”

तो चिडला. “चूक कशी असंल? सगळ्या संस्थांत ‘करण’च हाय!”

मी लग्नाला परत गेलो. त्या दिवशी जिलेबी जरा जास्तच खाल्ली.

* * *

मोठा पूर आला ते वर्ष. पंचगंगेचं पाणी भर दुपारी पंपहाऊसच्या पायऱ्या चढायला लागलं. मोटर बुडाली असती तर अख्ख्या गावाचा हंगाम गेला असता. नवी मोटर म्हणजे वर्षभर वाट बघणं. हुसेनभाई कमरेएवढ्या पाण्यात उतरले, तळाचे बोल्ट सोडवले आणि मोटर साखळीनं वर माळ्यावर घेतली. मी शाळेत, पुरातनं आणलेल्या कुटुंबांची यादी करत होतो. संध्याकाळी बातमी आली, मोटर वाचली!

पूर ओसरला. आसपासच्या मोटरी चिखलानं भरलेल्या, आणि आमचं पाणी चौथ्या दिवशी चालू. देखरेख समितीनं ठराव केला. आप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिला, खाली सही केली: ‘हुसेनभाई यांनी एकट्याने मोटर वाचवली, म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा.’

दुसऱ्या दिवशी हुसेनभाई ऑफिसात आले. “सेक्रेटरी, अपील कराय आलोय.”

“कशावर?”

“सत्कारावर.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. तर नाही. “ठरावात एक शब्द खोटा हाय. ‘एकट्याने’. मोटर काय एकट्यानं येती व्हय वर? मी खाली बोल्ट काढत होतो. वर साखळी कुणीतरी धरली होती का न्हाई?”

“कोण होतं वर?”

“ते अपिलात सांगतो.”

डब्यातनं चिठ्ठ्या काढल्या. तिघं बसले, त्यात शिवाप्पा होते. खोली गच्च भरली. निकाल आप्पांचा, म्हणून आप्पा बाजूला भिंतीशी उभे. हुसेनभाईंनी बोट केलं ते थेट त्यांच्याकडं.

“साखळी ह्येंनी धरली होती. अर्धा तास. एकट्यानं.”

“मी न्हवतो तिथं,” आप्पा म्हणाले. “मी घरात हुतो.”

“आप्पा, हात दाखवा.”

आप्पांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात. मला एकदम आठवलं, पूर आल्यापासून ते तसेच खिशात होते. वहीत ठराव लिहून सहीसुद्धा माझी पाठ वळल्यावरच केली होती.

“थंडी हाय,” आप्पा म्हणाले.

ऑगस्ट महिना. कुणी हसलं नाही.

शिवाप्पा उठून त्यांच्यासमोर गेले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “आप्पा. हात.”

 मग आप्पांनी हळूहळू दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे वर करून पुढं धरले; साखळीच्या कड्यांनी कातडी सोलून काढलेली. शिवाप्पांनी बघितलं. बाकीच्या दोघांनी बघितलं. मी बघितलं.

अपील मंजूर झालं. ठरावातला ‘एकट्याने’ हा शब्द खोडून आप्पांचं नाव घातलं आणि ‘दोघांनी’ असं केलं. खाली तिघांच्या सह्या. आणि कारणाच्या रकान्यात शिवाप्पांनी दोनच शब्द लिहिले:

‘हात पाहिले.’